थोबाडीत, पण फ्रेंच

हिंगोलीत नाटक बसवायचं तर आधी पंचांग लागतं. संहिता मागाहून मिळते, नट त्याच्याही मागाहून मिळतात, आणि नटी मिळते ती प्रयोगाला आठवडा उरल्यावर. पण लग्नाच्या तिथी कळल्याशिवाय तालमीला जागाच मिळत नाही, कारण जागा एकच, मंगल कार्यालय. आषाढीला देव झोपले की कार्यालयाचे मालक एकदम रसिक होतात. "घ्या की सर, हॉल मोकळाच हाय. कलेला नाही कामून म्हणावं?" कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की हेच मालक ओळख दाखवत नाहीत. राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण याच सुमाराला येते. म्हणून आमच्याकडच्या कुठल्याही नाटकाचा पहिला अंक पंख्याखाली, गुळगुळीत फरशीवर बसलेला असतो, आणि शेवटचा कुणाच्या तरी गच्चीवर, खालच्या वरातीच्या बँडवर मात करत. शेवटच्या अंकात हौशी नट एवढे का ओरडतात, हा प्रश्न परीक्षकांना दर वर्षी पडतो. पंचांग बघितलं असतं तर पडला नसता.

यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. पॅरिसमधलं ‘तेआत्र द्यु मारे’ हे नाट्यगृहसुद्धा टेनिससारखा खेळ खेळायच्या जुन्या बंदिस्त जागेतच थाटलेलं होतं. जानेवारी १६३७ मध्ये तिथे प्येर कॉर्नेय नावाच्या, रुआँ गावच्या एका तिशीतल्या वकिलाचं नाटक लागलं. नाटकाचं नाव ‘ल सिद’, प्रकार ट्रॅजिकॉमेडी. गर्दी अशी लोटली की बड्या लोकांना बसायला जागा उरली नाही, मग त्यांना थेट रंगमंचावरच बसवलं. रॉद्रिगचं काम करणारा आणि नाटक कंपनीही चालवणारा माँदोरी याने एका पत्रात हे मोठ्या आनंदाने कळवलं आहे. मंचावर उपस्थित मान्यवर ही आपल्याकडची साथ आहे असा माझा समज होता. पण फ्रेंचांनी ती सव्वाशे वर्षं सोसली. १७५९ साली मान्यवरांना एकदाचं मंचावरून खाली उतरवण्यात आलं. आपल्याकडे अजून प्रयत्न चालू आहेत.

आमच्या मंडळाने हे नाटक का घेतलं, याला वाङ्मयीन कारण नाही. आमचे दिग्दर्शक जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. निवडणूक, जनगणना आणि पोषण आहार यांतून जो वेळ उरेल त्यात ते रंगभूमीची सेवा करतात. नांदेडच्या एका पुस्तक प्रदर्शनात त्यांना ‘ल सिद’चं इंग्रजी भाषांतर वजनावर मिळालं. गुरुजींनी ते रात्रभर वाचलं आणि सकाळी आम्हाला चहाच्या टपरीवर गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. सेव्हिल गावात रॉद्रिग नावाचा मुलगा आणि शिमेन नावाची मुलगी. दोघांचं जमलेलं, आणि दोघांचे बाप लग्नाला तयार, म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधीच संपल्यात जमा. पण राजाने राजपुत्राला शिकवायला म्हणून मुलाच्या म्हाताऱ्या बापाची, दॉन दिएगची, नेमणूक केली. मुलीचा बाप दॉन गोमेस राज्यातला सगळ्यात मोठा लढवय्या. त्याची समजूत अशी, की ती जागा आपलीच. शब्दाला शब्द वाढला आणि गोमेसने म्हाताऱ्याच्या थोबाडीत दिली. म्हाताऱ्याने तलवार उपसली, पण हातात जोर नाही. त्याने मुलाला बोलावलं. मुलाने होणाऱ्या सासऱ्याला द्वंद्वात मारलं. आता मुलगी राजाकडे जाऊन त्याचं डोकं मागते आणि घरी येऊन त्याच्याच नावाने रडते.

टपरीवर शांतता पसरली. मग महावितरणचा वायरमन म्हणाला, "सर, हे तर आमच्या गावचंच हाय. तिथं फक्त सोसायटीचं चेअरमनपद व्हतं."

"आन् तलवार नव्हती," ग्रामसेवकाने दुरुस्ती केली. "तिसऱ्या तारखेला कोर्टात तडजोड झाली."

इथेच नाटकाची निवड झाली. मानपान, भावकी आणि नेमणुकीवरून झालेली मारामारी समजून घ्यायला हिंगोलीच्या माणसाला प्रस्तावना लागत नाही. फेटा आधी कुणाला बांधला यावरून पिढ्यान् पिढ्या न बोलणारी घरं आमच्याकडे आहेत. फ्रान्समध्येही त्या काळी मानासाठी द्वंद्वं इतकी माजली होती, की कार्डिनल रिशल्यूने १६२६ मध्ये कडक हुकूम काढला आणि पुढच्याच वर्षी एका बड्या उमरावाचं डोकं उडवलं. आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम यायला २००७ साल उजाडावं लागलं, आणि तीत डोकं उडवायची तरतूद नाही. मोहिमेला हवं तसं यश का आलं नाही, याचा विचार व्हायला हवा.

फ्रेंच नाटक म्हटल्यावर आमच्या वाचनालयातले एक गृहस्थ म्हणाले, की हे हिंगोलीला झेपणार नाही. त्यांना हे ठाऊक नव्हतं की मराठी प्रेक्षक शंभर वर्षांहून अधिक काळ फ्रेंच नाटकंच बघतो आहे, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही. मोलियेरचं १६६० सालचं एक नाटक पॅरिसहून निघालं, लंडनला उतरून आर्थर मर्फीकडे राहिलं, तिथून पुढची गाडी पकडून गोविंद बल्लाळ देवलांकडे आलं आणि इथे त्याचा ‘संशयकल्लोळ’ झाला. १९१६ मध्ये गंधर्व मंडळीने ते संगीत रूपात आणलं तेव्हा देवल हयात नव्हते, आणि फाल्गुनराव मूळचा पॅरिसचा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी मोलियेरचा एक डॉक्टर ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ केला. आचार्य अत्र्यांनी त्याचाच कंजूष उचलून ‘कवडीचुंबक’ लिहिलं. मराठी माणसाने फ्रेंचांकडून हसणं मनसोक्त उसनं घेतलं. तलवारीला हात घालणारे त्यांचे ताठ म्हातारे मात्र फारसे आणले नाहीत. आपल्याकडे तो माल भरपूर होता.

भाषांतराचं काम बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी अंगावर घेतलं. मूळ नाटक पद्यात आहे, बारा-बारा अक्षरांच्या यमकबद्ध ओळींत. काकांचं म्हणणं, पद्याला पद्यच हवं. त्यांनी भारदस्तपणासाठी शार्दूलविक्रीडित निवडलं. पहिल्या वाचनाला आमचा रॉद्रिग मंगल कार्यालयाच्या स्टेजवर उभा राहिला, तलवार वर धरली आणि वृत्तात गरजला. दुसऱ्या ओळीला स्वयंपाकघरातून आचारी धावत बाहेर आला. "लागलं का? पंगत घेऊ?" मंगलाष्टकांचं वृत्त तेच. त्या दिवसापासून नाटक गद्यात आलं. काका आठवडाभर रुसले होते.

पात्रवाटप हौशी नाटकात गुणांवरून होत नाही, सोयीवरून होतं. राजा दॉन फेर्नांचं काम टेम्पोवाल्या मामांना दिलं, कारण नेपथ्य त्यांच्याच टेम्पोतून जाणार होतं. राजाला दुखवून चालत नाही, हे त्यामुळे सगळ्या नटांना आपोआपच कळलं. वायरमनला गोमेस केलं, कारण गोमेस दुसऱ्या अंकात मरतो आणि मेल्यावर डिमरवर बसायला मोकळा होतो. रॉद्रिग झाला कृषी सेवा केंद्रवाला, कारण देखणा होता आणि त्याने चहापाण्याचा खर्च उचलला. ग्रामसेवक दॉन सांश, शिमेनवर एकतर्फी जीव लावून बसलेला. त्यांना सवय होती, गावाने न मागितलेल्या योजना घेऊन दारोदार जायची. मी प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर हा नाटकातला एकमेव माणूस, ज्याला सगळी वाक्यं पाठ नसली तरी चालतात आणि ज्याने सगळी म्हणावीत अशी अपेक्षा असते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. लोकांना कलेक्टर कचेरी मिळाली आणि नाटकवाल्यांना नट मिळाले. जिल्हा झाला की खाती येतात, खात्यांबरोबर कर्मचारी येतात, आणि कर्मचारी दूरच्या गावचे असले की त्यांना संध्याकाळी करायला काही नसतं. हौशी रंगभूमी अशा लोकांवर जगते. आणि अशा लोकांमुळेच मरते, कारण मे-जूनमध्ये बदल्या निघतात. मागे एका नाटकात खलनायक बदलून गेला आणि सगळा संघर्ष नायकाला एकट्याने करावा लागला. परीक्षकांनी ‘मनोविश्लेषणात्मक मांडणी’ असा शेरा दिला होता.

नटीचा प्रश्न फ्रान्सपेक्षा आमच्याकडे बिकट. शिमेन करणाऱ्या ताई नांदेडहून यायच्या, तेही फक्त रविवारी, आणि त्यांच्या सगळ्या शोकाला शेवटच्या गाडीची वेळ बांधलेली. नाटकात आणखी एक राजकन्या आहे. तिचंही रॉद्रिगवर प्रेम, पण तो राजघराण्यातला नाही म्हणून ती मन मारते आणि पाच अंक उसासे टाकते. दुसरी नटी आणायची तर दुसरं भाडं. गुरुजींनी राजकन्या कापली. वाचनालयातल्या गृहस्थांनी याला अभिजात कृतीचा खून म्हटलं. पण फ्रान्समध्येसुद्धा पुढे कित्येक वर्षं राजकन्येला कापूनच प्रयोग होत होते, आणि त्यांच्याकडे तर नट्यांना तोटा नव्हता.

आता नियमांकडे येतो. कॉर्नेयच्या काळी विद्वानांनी नाटकाला नियम घालून दिले होते. गोष्ट एकाच जागी घडावी, चोवीस तासांत संपावी, मारामारी रंगमंचावर दाखवू नये, ती कुणीतरी येऊन सांगावी. कॉलेजात हे शिकताना वाटायचं, की केवढी ही अभिरुची! मंडळाचा हिशोब बघायला लागल्यावर लक्षात आलं, की हे नियम कुणा खजिनदारानेच केलेले असणार. एक जागा, म्हणजे नेपथ्य एकच. एक दिवस, म्हणजे कपडेपट एकच. लढाई सांगायची, म्हणजे घोडे नकोत, सैन्य नको आणि सैन्याला वडापावही नको. पॅरिसच्या पंडितांना ज्यासाठी ॲरिस्टॉटलचा आधार लागला, ते आमचं मंडळ पहिल्यापासून निव्वळ दारिद्र्यावर पाळत आलं आहे.

गंमत अशी, की कॉर्नेयने हे नियम धड पाळले नव्हते. नाटक कधी राजवाड्यात, कधी शिमेनच्या घरी, कधी रस्त्यावर. आमचा नेपथ्यकार सुतार. त्याने संहिता ऐकून जी तक्रार केली, शब्दशः तीच तक्रार फ्रेंच विद्वानांनी केली होती. "एका जागंवर का बसंनात हे लोक?" आणि एका दिवसात थप्पड, द्वंद्व, बापाचा मृत्यू, न्यायनिवाडा, रात्रीची लढाई, सकाळचा विजय, दुसरं द्वंद्व आणि लग्नाची बोलणी. ग्रामसेवक म्हणाले, "आमच्याकडं एवढ्यात पंचनामाबी होत नाही."

सगळ्यात जास्त तालमी झाल्या त्या थप्पडेच्या. कारण दॉन दिएग झाले होते आमचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि गोमेस झालेला वायरमन हा त्यांचा सातवीचा विद्यार्थी. हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा. गुरुजी ओरडायचे, "मार ना!" मुख्याध्यापक स्वतः सांगायचे, "मार रे, मी सांगतोय ना." मग तो मारायचा, पण गालाला लागायच्या आत हाताची दिशा बदलायचा, आणि लगेच वाकून सरांच्या पाया पडायचा. सरांचा हातही सवयीने त्याच्या डोक्यावर जायचा. म्हणजे ज्या अपमानावर पुढचे चार अंक उभे आहेत, त्याचा शेवट आशीर्वादाने होत होता. गुरुजींनी समजावलं, दम दिला, शेवटी सरांना म्हणाले, की तुम्हीच त्याला आधी एखादी ठेवून द्या, राग तरी येईल. सरांनी दिली. वायरमनने तीही प्रसाद म्हणून घेतली. "सर, सातवीत याच्यापेक्षा जोरात लागायची."

रक्ताचा प्रश्न मात्र स्थानिक पातळीवर सुटला. तिसऱ्या अंकात रॉद्रिग शिमेनच्या घरी येतो तो तिच्या बापाला मारलेली तलवार घेऊन, आणि म्हणतो, की हिनेच मला मार. तलवार नांदेडहून, गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून आणली. ती खरी निघाली, त्यामुळे बाकीचे नट रॉद्रिगपासून अंतर ठेवून बोलू लागले आणि दरबारी अदब आपोआप आली. तलवारीला लावायला हळद आणि पानाचा चुना कालवला. लालभडक रंग येतो, कुंकू तसंच करतात. हळद अर्थात वसमतची, २०२४ मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं ती. मानांकन मिळालेलं रक्त वापरणारी आमची बहुधा पहिलीच संस्था. ताईंच्या पांढऱ्या साडीवर ते सांडलं तेव्हा तिचा दर्जा कळला. साडीचा डाग अजून गेलेला नाही.

लढाईचा प्रसंग हिंगोलीला आणायला जड गेला. मूळ नाटकात शत्रू रात्री, भरतीच्या पाण्याबरोबर नदीतून गलबतं घेऊन येतात. कयाधूला भरती येत नाही. तिला एक तर काही नसतं, नाही तर पूर असतो. पहिल्या स्थितीत शत्रू चालत येईल, दुसऱ्या स्थितीत थेट नांदेड जिल्ह्यात निघेल. शेवटी सेव्हिल सेव्हिललाच ठेवलं. रॉद्रिग येऊन राजाला लढाईचा वृत्तान्त सांगतो. पाचशे माणसं घेऊन तो निघाला आणि बंदरावर पोचेपर्यंत ती तीन हजार झाली, असं त्याचं म्हणणं. आमचा रॉद्रिग दुकानातला माणूस, आकडे सांगायची त्याला सवय, त्यामुळे ते ‘तीन हजार’ तो सोयाबीनचा भाव सांगावा तसं सांगायचा, थोडं पडेल आवाजात. ऐन ऑक्टोबरात तालमी चाललेल्या. गुरुजींनी विजयाचा आनंद दाखवायला सांगितला की तो म्हणायचा, "सर, हा आकडा म्हणताना आनंद होईना गेलाय."

त्यातच दसरा आला. हिंगोलीचा दसरा म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा, रामलीला मैदान, प्रदर्शन, आकाशपाळणे आणि शेवटी रावणदहन. त्या दिवसांत तालमीला नट येत नाहीत. यायलाही नकोत. तिकडे दहा तोंडांचा, आतून फटाके भरलेला खलनायक असताना आमच्या एका तोंडाच्या गोमेसकडे कोण बघणार? टेम्पोवाले मामा दहा दिवस प्रदर्शनाच्या भाड्यावर होते, म्हणजे राज्य राजाविना चाललं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कागदपत्रांचा एक दिवस वेगळाच गेला. एका खिडकीवर मला विचारण्यात आलं, मूळ लेखकाचं संमतीपत्र कुठे आहे? मी म्हणालो, लेखक १६८४ साली वारले. खिडकीतले गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "मग वारसांचं आणा." नाट्यप्रकाराच्या रकान्यात मी ट्रॅजिकॉमेडी लिहिलं होतं. त्यांना तो प्रकार यादीत सापडेना. "सुखान्त का शोकान्त, एक काहीतरी लिहा ना." मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. खुद्द कॉर्नेयला हा रकाना भरता आला नव्हता. १६३७ मध्ये त्याने ट्रॅजिकॉमेडी लिहिलं, आणि १६४८ च्या आवृत्तीत तिथे ट्रॅजेडी लिहिलं. माणसं तीच मेली, तीच वाचली. अकरा वर्षांत फक्त दुःख थोडं वर सरकलं.

आता परीक्षक. ‘ल सिद’ लोकांनी डोक्यावर घेतलं तेव्हा समव्यवसायी लेखकांना ते सहन झालं नाही. आपल्याकडे असं होत नाही म्हणतात. स्क्यूदेरी नावाच्या नाटककाराने एक पुस्तिका काढली आणि सिद्ध केलं, की विषय टाकाऊ, नियम मोडलेले, नायिका निर्लज्ज, आणि जे काही बरं आहे ते स्पॅनिश नाटकातून ढापलेलं. स्पॅनिश नाटक होतंच, गिलेन द कास्त्रोचं, पण बाकीचं मत झालं म्हणून मांडलं होतं का पोटात दुखलं म्हणून, याबद्दल मला शंका आहे. मग रिशल्यूच्या मनात आलं, की फ्रेंच अकादमीने यावर निकाल द्यावा. अकादमी नुकतीच, १६३५ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे उत्साह दांडगा. शाप्लँ यांनी मुख्यतः लिहिलेला तो निकाल वर्षअखेरीस बाहेर आला. त्याचा सारांश असा, की विषय बरोबर नाही, बापाच्या मारेकऱ्याशी लग्नाची बोलणी हे औचित्याला सोडून आहे, एका दिवसात फार घडतं, पण भावनांमध्ये जोर आहे आणि नाटकात काय कोण जाणे, एक गोडी आहे. स्पर्धेत उतरलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचताच कळेल, की हे दुसरं काही नसून उत्तेजनार्थ पारितोषिक आहे.

कॉर्नेय दुखावला. १६४० पर्यंत त्याने नवं नाटक रंगमंचावर आणलं नाही. आमचे गुरुजी दर डिसेंबरात, निकालाच्या रात्री, बसस्टँडवर जाहीर करतात, की यापुढे स्पर्धा बंद. ऑगस्टमध्ये प्रवेशिका तेच आणतात. कॉर्नेय तर १६४७ मध्ये त्याच अकादमीचा सभासद झाला. दहा वर्षांत परीक्षकांच्या खुर्चीत. गुरुजींचंही नाव एका एकांकिका स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून चर्चेत आहे, असं ऐकतो. ते आतापासूनच ‘नाटकात लेव्हल्सचा वापर कमी वाटला’ असं बोलू लागले आहेत.

स्पर्धेचा प्रयोग बरा झाला. महाराष्ट्र शासनाची ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि इतक्या वर्षांत तिथे प्रेक्षागृहात बसणाऱ्यांचे ठरलेले तीन प्रकार पडले आहेत. नटांचे नातेवाईक, पुढच्या दिवशी ज्यांचा प्रयोग आहे ते, आणि परीक्षक. दुसरा प्रकार सगळ्यात बारकाईने बघतो आणि चुकलं की सगळ्यात आधी टाळी देतो. थप्पडेचा क्षण आला. वायरमनने हात उगारला, या वेळी खरोखर मारली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि दुसऱ्या क्षणी तो वाकून सरांच्या पायाशी गेला. सरांचा हात उचलला गेला. मी विंगेत डोळे मिटले. सर जुने मुख्याध्यापक, प्रसंगावधानी. त्यांनी वर आलेला हात डोक्यावर न ठेवता तसाच हवेत थरथरत ठेवला. सभागृह स्तब्ध. परीक्षकांनी नंतर लिहिलं, की अपमान करून पश्चात्तापाने पाय धरणारा गोमेस आणि त्याला क्षमा नाकारणारा दिएग, ही दिग्दर्शकाची स्वतंत्र जागा. दिग्दर्शनाला गुण मिळाले. अभिनयाला मिळाले नाहीत.

शिमेनच्या बेशुद्धीवर मात्र प्रेक्षक हसले. राजा तिची परीक्षा बघायला म्हणतो, की रॉद्रिग मेला. ती चक्कर येऊन पडते. तो जिवंत आहे म्हटल्यावर ती सावरते आणि राजाला सांगते, की माणूस आनंदानेही बेशुद्ध पडतो, तुमचा काही गैरसमज नसावा. नातेवाइकांत पिकलेला हशा ऐकून ताई खट्टू झाल्या. काकांनी त्यांची समजूत घातली, की ट्रॅजिकॉमेडीच आहे ना, मग त्यांचं बरोबरच आहे. पुढे ग्रामसेवक हरलेल्या दॉन सांशच्या वेषात तलवार घेऊन येतात, शिमेनला वाटतं यानेच रॉद्रिगला मारलं, आणि ती त्यांना एक वाक्य पुरं करू देत नाही. इथे तर खालून एक जण ओरडला, "अहो बाई, त्यांचं ऐकून तर घ्या!" देवलांचा फाल्गुनराव असाच कुणाचं ऐकून घेत नाही. दोघं एकाच देशाचे आहेत हे पुन्हा पटलं.

पण नाटकाचा खरा प्रयोग झाला तो महाशिवरात्रीच्या दिवसांत, औंढ्याजवळच्या एका गावात. त्या भागात कलावंताला मान मोठा. औंढा नागनाथला नामदेव महाराजांना कीर्तनाला देवळाच्या मागे जायला सांगितलं, तर देऊळच त्यांच्या बाजूला फिरलं, अशी कथा आहे. नंदी म्हणूनच आजही मागच्या बाजूला दाखवतात. प्रेक्षागृहाने कलावंताकडे वळायची एवढी मोठी घटना रंगभूमीच्या इतिहासात दुसरी नसेल. आमच्यासाठी देऊळ फिरलं नाही, पण जत्रेतल्या पाळण्याकडे गेलेली पोरं तरी थप्पडेच्या आवाजाने परत आली.

तिथल्या प्रेक्षकांना चोवीस तासांचा नियम खुपला नाही, राजकन्या नाही हे जाणवलं नाही. थप्पड बसली तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दोन घरांतली माणसं नकळत वेगळी बसली. लढाईच्या वृत्तान्तात पाचशेचे तीन हजार झाले तेव्हा मागून आवाज आला, "जेवण असंल तिथं." रॉद्रिग त्या रात्री पहिल्यांदाच हसत लढाई जिंकला.

शेवटी राजा निवाडा करतो. रॉद्रिगने राज्य वाचवलं आहे, शिमेनच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलेलं नाही, तेव्हा तिला वर्षभराची मुदत, तोवर त्याने आणखी पराक्रम करून यावं. पडदा. टाळ्या झाल्या, पण कुणी उठेना. लग्न लागायचं राहिलं होतं. एका आजीबाईंनी विंगेतच येऊन ताईंचा हात धरला.

"पोरी, बापाला मारलेल्याशी लगीन करणार हायस का न्हाईस? एक काय ते सांग."

"आजी, मुदत दिली ना वर्षाची."

"वर्षानं काय होणार? बाप येणार का? करायचं नसंल तर आत्ताच न्हाई म्हण. करायचं असंल तर एवढी मानसं आल्यात, आत्ताच उरकून घे."

अकादमीला यावर कित्येक महिने आणि एक आख्खं पुस्तक लागलं होतं. ताईंनी घड्याळ बघितलं. नांदेडची शेवटची गाडी चुकत होती. त्या म्हणाल्या, "आजी, ते राजालाच विचारा."

आजी राजाला शोधत मंडपामागे गेल्या. राजा मुकुटासकट टेम्पो रिव्हर्स घेत होता, आणि दॉन सांश मागून हात करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता.